टेकडीवरचे तीन दगड

आमच्या गावामागची टेकडी काही मोठी नाही. एक चिलीम ओढून होईतो माणूस माथ्यावर पोचतो. वरून लांबवर औंधच्या यमाईचं देऊळ दिसतं, खाली ज्वारीची रानं, आणि नीट पाहिलं तर आमच्या घराचं छप्परही. पलटणीत जाणारा आमचा प्रत्येक गडी तिथे एकावर एक तीन दगड रचून जातो. परत आला की स्वतःच्या हाताने उतरवतो. आलाच नाही, तर मरणाची खबर आल्यावर दहाव्या दिवशी भावाने उतरवायचे. तेव्हा हाक मारायची नाही, आणि येताना मागे बघायचं नाही.

माझा दादा, सयाजी, इटलीच्या लढाईत पडल्याची तार आली. दहाव्या दिवशी ऊन कलल्यावर मी निघालो. सोबत आकारामतात्या, पहिल्या महायुद्धात लढलेले पेन्शनर.

"तुझं टकुरं गरम," ते म्हणाले. "वर त्वांड मिटून ऱ्हा."

"व्हय तात्या."

दादा शेवटचा निघाला तेव्हा मी त्याला वेशीपर्यंतही पोचवलं नव्हतं. मलाही भरती व्हायचं होतं आणि त्याने साहेबाला माझं खरं वय सांगितलं. "जा, पुन्हा त्वांड दावू नगंस," असं मी त्याला म्हणालो होतो. हे घरात कुणालाच ठाऊक नाही.

वर वारा पडलेला. दोन दगड उतरवले. तिसरा उन्हाने तापला होता. तो हातात घेतला आणि मला राहवलं नाही.

"दादा!" मी ओरडलो. "दादा रं!"

तात्यांचा चेहरा उतरला. "काय केलंस, लेकरा... दगड ठेव, चल. मागं बघू नगंस."

वीसेक पावलं उतरलो असू. मागून आवाज आला. खडकावर नालाचे बूट. खट्... खट्... आम्ही थांबलो की तेही थांबत. तेल लावलेल्या चामड्याचा वास आला.

"तात्या..."

"बोल त्याच्याशी. तूच बोलावलंस."

मान न वळवता मी बोललो. "दादा... रागात बोललो हुतो. मनात न्हवतं रं. आईला मी बघतो. तू जा आता."

मग मागे कुणीतरी खाकरलं, दादा हसू दाबताना खाकरायचा, अगदी तसं. बूट वळले. माथ्यापर्यंत वाजत गेले आणि ऐकू येईनासे झाले.

मी तिथेच बसकण मारली. रडलो, आणि रडता रडता हसलो. खाली सगळं रान पिवळ्या उन्हात पडलं होतं, आमच्या चुलीचा धूर वर येत होता. दहा दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली.

"राग न्हवता त्याला, तात्या!"

"न्हवताच रं. गेला त्यो सुखानं." तात्यांनी आवाज खाली आणला. "पर उतरताना मागं दोघं हुतं. दुसरा लंगडत हुता. माघारी एकाचंच बूट गेलं."

"मग त्यो... कुठं हाय?"

तात्यांनी माझा दंड धरला. मला पुढे घातलं, आणि वेस येईपर्यंत स्वतः माझ्या मागे चालले.