उंबराखाली लावलेला आवाज

शुद्धलेखनाच्या चुका दिसतील, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आठवीनंतर शाळा सुटली. मोठे शब्द मला येत नाहीत, जे झालं तेवढंच लिहितो.

मी साईनाथ, दिव्याला राहतो. नौपाड्यात एका स्टुडिओत फोटोंना फ्रेम बसवायचं काम करतो. सुट्टीच्या दिवशी जुना कॅमेरा घेऊन खडवलीला मालनमावशीकडे जायचो. तिच्या घरामागे, नदीकडे उतरताना एक उंबर आहे. त्यावर उदमांजराची मादी आणि तिची तीन पिल्लं राहायची. अंधार पडला की फळं खायला निघायची, आधी आई, मग एकेक पिल्लू. मला चौघं एका फोटोत हवी होती. बॅटरीला लाल कागद लावून चार रविवार बसलो. कधी शेपूट मिळाली, कधी नुसते डोळे.

"चार आठवडे?" मावशी म्हणाली. "गोदाच्या लग्नात फोटोवाल्याने अर्ध्या तासात अख्खं गाव काढलेलं."

"ते सगळे जेवायला थांबलेले, मावशी."

ती हसली, मग तिने हातातलं शिवण पुढे ओढलं. गोदाताई तिची एकुलती एक मुलगी. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि बाळ झालं त्याच रात्री गेली. बाळाला तिने पाहिलंही नाही. बाळ बापाच्या घरी कल्याणला नेलं. "वेळेवर दवाखान्यात नेलं नाहीत," असं ते लोक दारात उभे राहून बोलले. त्याला आठ महिने झाले, मावशीने नातवाचं तोंड पाहिलं नव्हतं. मी जाणार नाही, एवढंच म्हणायची. पण दर महिन्याला अंदाजाने त्याच्या मापाचं एक झबलं शिवून ठेवायची.

पाचव्या रविवारी माझ्याकडून चूक झाली. आदल्या खेपेला एक पिल्लू फांदीवर मागे राहून ओरडत होतं, ते मी मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं. पक्ष्यांचे फोटो काढणारे असा आवाज लावून पक्षी जवळ आणतात, हे मी पाहिलेलं. मावशीला ऐकवलं तर तिचा चेहरा उतरला.

"तान्ह्या बाळासारखं रडतंय रे. नको लावू. खोटं रडून आईला बोलावू नये."

"दोनच मिनिटं, मावशी."

साडेसात झाले असतील. मोबाईल उंबराच्या मुळाशी ठेवला आणि दहा पावलं मागे येऊन बसलो. आवाज सुरू झाला. रातकिडे थांबले. आधी वास आला, उदमांजर जवळ असलं की येतो तसा, शिजत्या भाताचा. मग आई उतरली. मोबाईलभोवती फिरली, तो हुंगला, वर आपल्या पिल्लांकडे बघून घेतलं. तिन्ही पिल्लं तिच्या मागे उतरली. मी बटण दाबलं.

त्याच वेळी चौघांनी माना नदीकडे वळवल्या. आईने एक पिल्लू तोंडात धरलं आणि वर पळाली, बाकीची तिच्यामागे.

भाताचा वास गेला. दुसरा आला, ओवा आणि शेपांच्या धुरीचा, बाळंतिणीच्या खोलीत असतो तसा. नदीच्या बाजूने कोणीतरी हळू आवाजात म्हणालं,

"आले… आले हं…"

मला वाटलं मावशीच आहे. मी पुढे जाऊन मोबाईल बंद केला.

रडणं थांबलं नाही.

मोबाईल हातात बंद होता आणि बाळ रडत होतं. पिल्लू नाही, बाळ. भिंतीपलीकडून यावं तसं, खूप लांबून. "आले हं…" तो आवाज माझ्या अगदी शेजारून पुढे गेला, स्टेशनच्या रस्त्याकडे. थोड्या वेळाने रडणंही थांबलं.

खांद्यावर हात पडला. मावशी माझ्या मागे उभी होती.

"मावशी… तू बोललीस ना?"

"नाही." ती रस्त्याकडे बघत होती. "सकाळी मला कल्याणला ने."

रात्रभर एकच विचार येत होता. उदमांजराच्या आईने मोबाईल हुंगला, पिल्लं मोजली, तिला खोटं कळलं. गोदाताईने तर आपल्या बाळाचं रडणं कधी ऐकलंच नव्हतं. तिला कसं कळणार?

सकाळी निघायच्या आधी मी तो आवाज पुसून टाकला. मावशीने आठही झबली पिशवीत घेतली. कल्याणला गोदाताईच्या नणंदेने, रुचिताने दार उघडलं. मावशीला पाहून ती गडबडली. पण भांडायची ताकद तिच्यात दिसत नव्हती.

"या, बसा. काल संध्याकाळी इतका रडला हा… मी बाटली गरम करून येईपर्यंत एकदम गप. तेव्हापासून दूधच घेत नाहीये. रात्रभर झोपला, भुकेने उठला पण नाही. डॉक्टरला दाखवू का हो?"

ओट्यावर बाटली तशीच भरलेली होती.

मावशीने बाळाला मांडीवर घेतलं. त्याच्या हनुवटीवर दुधाचा थेंब होता. तिने बोट लावून पाहिलं. थेंब कोमट होता.

तिने पदराने त्याची हनुवटी पुसली. निघताना जिन्यात तिने माझा हात धरला.

"तो आवाज ठेवलायस ना रे मोबाईलात?"

मी खोटंच "आहे" म्हणालो.