पोटाशी बांधलेल्या बॅटऱ्या

अंकुशला हिमालयातलं तेच शिखर पुन्हा चढायचं होतं, आणि या खेपेला माथ्यावर स्वतःचा उघडा चेहरा दिसेल अशी शूटिंग हवी होती. गेल्या वर्षी तो तिथे पोचला होता. पण थंडीने कॅमेरा मेला आणि एटापल्लीजवळच्या आपल्या गावात तो परतला तो एकच फोटो घेऊन. फोटोत काळा चष्मा, नाकापर्यंत मफलर आणि मागे नुसतं धुकं. "हा तूच कशावरून?" असं विचारून गावाने त्याला लबाड ठरवलं. प्रमाणपत्र दाखवलं, तर म्हातारा चैतू म्हणाला, "कागद तं बजारात बी भेटते, बाबू." तेव्हापासून ग्रामसभेत अंकुश बोलायला उठला की मागून कोणीतरी हळूच म्हणायचं, "बरफ पडलं रे!" आणि सगळी सभा खिदळायची. शेवटी त्याने उठणंच सोडलं.

म्हणून तो ब्रह्मपुरीच्या धनराजकडे आला. धनराज लग्नांची शूटिंग करणारा. अक्षता पडताना नवरीच्या मावशीला कॅमेऱ्यासमोरून हटवणं, एवढंच त्याच्या आयुष्यातलं साहस! तरी त्याने होकार दिला. का दिला, हे त्याची बायको रंभा त्याला अजून विचारते. अंकुशची गिर्यारोहणातली जोडीदार ललिता कुरखेड्याची. तिने हिवाळाभर धनराजला पाठीवर धानाचं अर्धं पोतं देऊन वैनगंगेच्या रेतीत पळवलं आणि वर "भाऊ, हळू पळून राह्यले तुमी," असं सुनावलं.

कॅमेरा कोणता न्यायचा, हा खरा प्रश्न होता. ब्रह्मपुरीत बर्फ म्हटलं की एकच जागा, कांताबाईची मासोळ्यांची पेटी! धनराजने लग्नातला मोठा कॅमेरा, मोबाईल आणि जुना छोटा हँडीकॅम असे तिन्ही प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून बर्फात पुरले.

"लगनात मासोळ्यांची शूटिंग करता का आता?" कांताबाईने विचारलं.

मोबाईल आधी गेला, मग मोठा कॅमेरा गप्प झाला. छोटा हँडीकॅम मात्र चालू राहिला. धनराजने खुशीत त्याला पन्नीतून बाहेर काढलं आणि उन्हाळ्याची वाफ लागताच काचेला घाम फुटला. काही म्हणता काही दिसेना! अंकुशने कपाळावर हात मारला. गेल्या वर्षी त्याने हेच केलं होतं. दया येऊन कॅमेरा तंबूत शेगडीपाशी ठेवला होता आणि त्याला आलेला घाम बाहेरच्या थंडीत गोठला होता. दुसऱ्या दिवशी धनराजने हँडीकॅम बर्फातून काढला, पण गरम होईपर्यंत पन्नी सोडली नाही. घाम पन्नीला आला, काच कोरडी! कॅमेऱ्याला थंडच राहू द्यायचं, ऊब द्यायची ती बॅटऱ्यांना, हे त्यांना मासोळ्यांच्या पेटीने शिकवलं. रंभाने जुन्या लुगड्याचा कमरपट्टा शिवला आणि त्याला आतून बॅटऱ्यांचे खिसे लावले.

"लेकराले बी इतकं पोटाशी नाई धरलं तुमी," पट्टा बांधताना ती म्हणाली.

सामानात धनराजने लग्नातला दिवाही टाकला. त्याच बॅटऱ्यांवर चालणारा, नवरीच्या तोंडावर मारायचा. "तिथं कोणाचं लगीन लागून राह्यलं?" ललिता चिडली. पण त्या दिव्याशिवाय धनराजला हात रिकामा वाटायचा.

हिमालयात बर्फाच्या उतारावर पाऊल ठेवलं तेव्हा मात्र त्याचा सगळा तोरा उतरला. हवा छातीत पुरेना. दर चार पावलांना थांबावं लागे आणि प्रत्येक थांब्यावर वाटे, आता घरी जाऊ द्या! रात्री कॅमेरा तंबूबाहेर पन्नीत पडून राही, अन् बॅटऱ्या त्याच्या पोटाशी झोपत. अंकुश रोज सकाळी आधी त्यांचंच विचारायचा, "गरम आहेत नं, भाऊ?" स्वतःच्या सुजलेल्या बोटांबद्दल तो अवाक्षर काढत नव्हता. त्याच्या डोळ्यांतली ती घाई धनराजला भिववायची.

शिखराच्या दिवशी पहाट निरभ्र होती. माथ्याच्या बरंच खाली, डोंगराच्या एका सपाट खांद्यावर, धनराज आणि ललिता थांबले. इथून पुढचा कडा धनराजच्या कुवतीबाहेरचा होता. अंकुश आणि वाटाड्या नेगी एका दोरात बांधून घेऊन पुढे निघाले. वर पोचून अंकुशने चष्मा, मफलर काढायचा आणि धनराजने झूमने तोंड जवळ ओढून टिपायचं, असं ठरलं होतं. हँडीकॅम सुरू झाला. काचेत दोन ठिपके धारेवरून सरकत होते. धारेच्या डाव्या अंगाला वाऱ्याने साचलेलं बर्फ छपरासारखं पोकळीवर आलं होतं. ललिताची नजर तिथून हलत नव्हती.

आणि ढग आला! खालून, दरीतून, वाफेसारखा वर चढला. आधी डावी कड गेली. मग माथा गेला. मग दोन्ही ठिपके! काचेत नुसतं पांढरं. वारा सुटला, बर्फाचे कण तोंडावर चरचरू लागले.

वॉकीटॉकी खरखरला. नेगीचा आवाज होता. "वापस आना है. ये मान नहीं रहा!"

"अंकुश, परत ये!" ललिता ओरडली.

"ललिता, हातभर राह्यलं!" अंकुश धापा टाकत होता. "धुकं फाटन. भाऊले सांग, शूटिंग चालू ठेवा!"

"तुले डावी कड दिसून राह्यली का?"

 मग अगदी बारीक आवाजात, "असाच आलो तं गावात काय सांगू मी?"

ललिताने धनराजकडे पाहिलं. धनराजच्या पोटाशी दोन बॅटऱ्या भाकरीसारख्या गरम होत्या. हातातला कॅमेरा व्यवस्थित चालू होता. त्याने वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"अंकुश, बॅटरी संपली रे! तिन्ही गेल्या. आता शूटिंग होत नाई. खाली ये."

वॉकीटॉकी परत खरखरला.

"आलो," अंकुश म्हणाला. एवढंच.

पण यायचं कुठून? पावलांच्या खुणा पुसल्या होत्या. "रोशनी दिखाओ!" नेगीची हाक आली. धनराजने कॅमेऱ्यातली बॅटरी ओढून काढली, दिव्याला लावली आणि दिवा डोक्यावर धरला. पिवळा उजेड पांढऱ्यात घुसला. थोड्या वेळात ती बॅटरी गारठून मेली. त्याने पट्ट्यातली काढली. बोटं चालेनात. ललिताने दातांनी त्याचा हातमोजा ओढला. दिवा लागला! दोघं ओरडत राहिले.

कडाड्!

डावीकडचं बर्फाचं छप्पर तुटलं. पायाखाली सगळं हादरलं. "अंकुश!" ललिता किंचाळली. वॉकीटॉकी मुका! दिवा मंदावला. शेवटची बॅटरी! धनराज रडत होता आणि रडत रडतच दिवा हलवत होता.

उजेडाच्या टोकाला एक सावली हलली. नेगी! पोटावर सरपटत, दोर खेचत. आणि मागे अंकुश, एका बाजूने कमरेपर्यंत बर्फाने माखलेला. त्याचा एक पाय छपरातून आरपार गेला होता. नेगीने दोर सोडला नाही म्हणून तो वाचला. ललिताने त्याला मिठीच मारली.

अंकुश त्या दिव्याकडे बघत होता.

"बॅटरी तं संपली होती नं, भाऊ?"

धनराजने दिवा खाली घेतला. अंकुशने तोंड फिरवलं. हवा पुढे बिघडतच गेली आणि त्यांना उतरावं लागलं. तंबूत, बसमध्ये, रेल्वेत, पार बल्लारशाह येईपर्यंत अंकुश त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. धनराजचा जीव तुटत होता. आपण पोराला वाचवलं की त्याची अब्रू बुडवली, हेच त्याला कळेना.

तरी गावात शूटिंग दाखवावी लागली. शाळेच्या टीव्हीला वायर जोडली. हँडीकॅमला अजून मासोळीचा वास येत होता. माणसं दाटीने बसली. धारेवर चढणारे दोन ठिपके दिसले, गाव पुढे सरकलं. मग सगळं पांढरं. अंकुशची विनवणी ऐकू आली. आणि पाठोपाठ, टीव्ही फुटेल एवढ्या मोठ्याने, धनराजचाच आवाज, "बॅटरी संपली रे! तिन्ही गेल्या." चालू कॅमेऱ्यात! शूटिंगवाल्याने उभ्या जन्मात एवढी ठळक शूटिंग केली नव्हती. त्याने मान खाली घातली.

चित्र संपलं. म्हातारा चैतू काठीवर हनुवटी टेकून बसला होता.

"मंग? धुक्यात पोचला का तू वर?"

हो म्हणायला काय लागत होतं! धुक्यात कोणी पाहिलं होतं? धनराजचीच मान 'हो' म्हणून हलायला आली होती.

अंकुश उठला. "नाई," तो म्हणाला.  "यंदा मी नाई पोचलो. हातभर राह्यलं. मांगच्या साली पोचलो होतो."

मागून कोणी "बरफ" म्हणालं नाही. चैतूने काठीवरची हनुवटी उचलली.

"आज खोटं बोलाचा मोका होता याले. नाई बोलला." त्याने काठी आपटली. "मांगच्या साली बी पोचलाच असन हा." मग काठीचं टोक धनराजकडे वळलं. "लबाड तं हा आहे!"

सगळं गाव हसलं. हसता हसता अंकुशच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते न पुसताच तो धनराजसमोर येऊन उभा राहिला.

"भाऊ, आता तरी बॅटरी आहे का?"

धनराजने कमरेचा पट्टा चाचपला.

"आहे," तो म्हणाला, आणि कॅमेरा त्याच्या तोंडावर धरला.