सात नंबरचा डबा

दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका बाल्कनीतल्या कुलरचं पाणी. त्यात वळवळणाऱ्या अळ्या.

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसमधून डॉ. अरुणाचा फोन: "श्याम, सात नंबर. निकाल. उद्या सकाळी आधी तेच."

प्रयोगशाळेच्या टेबलावर ट्रे, त्यात बर्फाचं पाणी झालेलं.

सात नंबरचा डबा. जाळी शाबूत, आत एकही डास नाही.

"त्या अळ्यांचे डास झाले. त्यांना नवा विषाणू मिसळलेलं रक्त पाजलं," डॉ. अरुणा सांगत होती. "द्वारकेचे डास तो पसरवू शकतात का, एवढंच बघायचं होतं. बाहेर सुटले असतील तर... किल्ल्या तिघांकडेच. मी, सरलाताई, श्याम."

खाजगी गुप्तहेर कुमुद ऐकत होती. तिचा दीर विष्णू सारखी मान खाजवत होता. प्रयोगशाळेत पाऊल टाकल्यापासून त्याला प्रत्येक खाजेचा संशय येत होता.

प्रमुख सरलाताई सरळ म्हणाल्या, "ही चाचणी मला नकोच होती. सोसायट्यांत घबराट, वरून फोन. डबा रिकामा झाला याचं मला दुःख नाही."

"वहिनी, हीच," विष्णू पुटपुटला.

सहायक श्याम जन्मापासून दिल्लीतला. "मच्छर मी सोडले नाही, मॅडम. बिल्कुल नाही."

"डास म्हण रे. मराठी ना तू?" विष्णूने टोकलं.

"घरी आई बोलते, अंकल. मी बस समजतो."

"फोनवर अरुणा काय म्हणाली?" कुमुदने विचारलं.

"निकाल म्हणाल्या."

"आणि रिझल्टचं?"

"रिझल्टचं काहीच नाही."

कुमुदने सगळ्यांना ट्रेपाशी बोलावलं. "अरुणा, बर्फ कधी लागतो?"

"डास काढताना. गारठले की उडत नाहीत."

"सोडायचेच असते तर गारठवले कशाला असते? ज्याने काढले त्याने रीतसर काढले, सांगितलं म्हणून."

"मी नाही सांगितलं."

"सांगितलंस. तुझा निकाल म्हणजे रिझल्ट. याच्या हिंदीत निकाल म्हणजे बाहेर काढ."

विष्णूचा हात मानेवरच थांबला.

"कुठे ठेवलेस, श्याम?"

"फ्रीझरमध्ये," तो खाली बघत म्हणाला. "वाटलं, टेस्टसाठी हवेत. सकाळी सरला मॅडम ओरडल्या, मग तोंडच उघडेना. मी कॉन्ट्रॅक्टवर आहे."

अरुणाने फ्रीझरमधली नळी उजेडात धरून डास मोजले. सगळे होते.

"लाळग्रंथी अजून तपासता येतील. विषाणू तिथवर पोचला असेल तरच डास तो पसरवतात," ती म्हणाली.

लाळग्रंथींत विषाणू सापडला.

द्वारकेतला पहिला रुग्ण तोच विषाणू घेऊन त्याआधीच्या आठवड्यात विमानतळावर उतरून घरी गेला होता.