हाकेला ओ कुणी दिली?

ही गोष्ट खरी आहे. पटो न पटो, पण जेम्माला विचारायला मात्र जाऊ नका. ती आमच्याच गल्लीत राहते, इलोइलो शहरात, मासळीबाजाराच्या मागच्या अंगाला. ती हसून विषय बदलेल आणि मग दोन दिवस तिला जेवण जाणार नाही.

गेल्या मे महिन्याचा शेवटचा आठवडा. शाळा उघडायच्या आत कुठंतरी जाऊन येऊ, असं तिच्या नवऱ्यानं, रोदेलनं ठरवलं. एस्तान्सियाच्या धक्क्यावरून बोटीनं गेलं की लागणारं एक लहानसं बेट. कालागनान. ना हॉटेलं, ना गाणीबजावणी. कयाक वल्हवायची, कड्यांवर चढायचं, खडकांमधल्या तळ्यात डुंबायचं आणि भाजलेले शिंपले हाणायचे.

सोबत सहा वर्षांची लेक. नाव जोवेलिन, पण ते कागदोपत्री. घरीदारी ती 'इंदाय'. आमच्याकडे सगळ्याच मुली इंदाय असतात. इंदाय म्हणजे पोर, सोनी, लाडकी. बाजारात कुणी 'इंदाय!' म्हणून ओरडलं तर निम्मा बाजार मागं वळतो.

पोरीला मात्र आपल्या मोठ्या नावाचं भारी कौतुक. जूनमध्ये पहिलीत जायचं होतं ना! बोटीत बसल्यापासून तिनं बापामागं भुणभुण लावली, "पापा, हजेरी घे."

रोदेल घसा खाकरून मास्तर व्हायचा. "जोवेलिन?"

"हजर!"

की पुन्हा पहिल्यापासून. सगळी बोट हसत होती.

घरून निघताना लोला इसिंगनं, म्हणजे रोदेलच्या आईनं, सुनेला दारातच बजावलं होतं. "तिथून निघताना पोरीला हाक मारून घे हं. 'चल, घरी जाऊया' म्हणायचं. नाहीतर लेकराचा जीव तिथंच घोटाळत राहतो."

"बरं बाई," रोदेल म्हणाला. "बोट चुकेल, पण हाक चुकणार नाही."

बेटावर ते मनांग फेलिसाच्या घरी उतरले. मनांग म्हणजे थोरली ताई. बाई साठीची, खणखणीत आवाजाची. नातींना जेवायला बोलवायची तेही आडनावासकट. "मारिया कोराझोन देलारोसा! तेरेसिता देलारोसा!"

"मनांग, जेवायला बोलावताय की कोर्टात?" रोदेलनं विचारलं.

सगळे खो खो हसले. फेलिसा हसली नाही.

"इथं नावानंच हाक मारायची, बाळा. तुम्हीही तसंच करा."

जेम्मानं मान डोलावली. आणि लगेच मागं वळून ओरडली, "इंदाय, हात धू!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कयाक घेऊन तळ्यावर गेले. चारी बाजूंनी उंच कडे, आत शिरायला एवढीशी फट. हिरवंगार पाणी, कडेला वाळूची पट्टी. जेम्मा सावलीत आडवी झाली. खडकामागून पोरीचं हसू येत होतं.

मग... दुसरं हसू आलं. पहिल्याच्या किंचित मागून.

"कडे आहेत ना," रोदेल म्हणाला. "आवाज फिरून येतो."

पोर धावत आली, आईशेजारी बसून शहाळ्याचं पाणी प्यायला लागली. शहाळं अजून तिच्या ओठांनाच होतं.

आणि खडकामागचं हसू... चालूच होतं.

"कोण आहे गं तिकडे?" जेम्मानं विचारलं.

"एक इंदाय आहे," पोर म्हणाली. "तिला घरी जायचंय."

जेम्मा उठून बघून आली. कुणी नव्हतं. वाळूत पावलं होती, पण ती तिच्याच लेकीची. गावातलं कुणाचं तरी पोर असेल, म्हणून तिनं विषय सोडून दिला.

परतीच्या दिवशी आभाळ काळवंडलं. नावाडी घाई करायला लागला. बोचकी उचला, चपला शोधा, पोरीला खांद्यावर घ्या. त्या गडबडीत...

हाक राहून गेली.

बोट सुटली तेव्हा मनांग फेलिसा किनाऱ्यावर धावत आली. हात तोंडाशी धरून ती काहीतरी ओरडत होती. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. ती निरोप देतेय असं समजून रोदेलनं हात हलवला.

भर समुद्रात जेम्माच्या लक्षात आलं. पोर गप्प होती. "पापा, हजेरी घे" असं ती एकदाही म्हणाली नव्हती.

घरी आल्यावर पोर बसवलं तिथं बसायची, निजवलं तिथं निजायची. घास भरवला तर गिळायची, नाहीतर तोंडातच राहायचा. डॉक्टरांनी तपासलं, रक्त काढलं, काहीच निघालं नाही. डोळे उघडे होते, पण त्यातून कुणी बघत नव्हतं. जेम्मा मला म्हणाली होती, "घरात मूल आहे, आणि घर रिकामं आहे."

लोला इसिंगनं फक्त एकच विचारलं. "हाक मारली होतीस?"

जेम्मा रडायला लागली.

दुसऱ्याच दिवशी जेम्मा एकटी बेटावर निघाली. सोबत पोरीचा पिवळा फ्रॉक. जीव आपल्या कपड्याला धरून परत येतो, असं लोला इसिंगनं सांगितलं होतं. भरती चढायच्या आत तळ्यात शिरायला हवं म्हणून गावात न थांबता ती थेट तिकडेच गेली. ऊन कलत आलं होतं. वाळूवर उभं राहून तिनं फ्रॉक हातात धरला, आणि ओठांवर जे नाव कायम असतं तेच आलं.

"इंदाय! इंदाय, चल, घरी जाऊया!"

कड्यावरचे पक्षी गप्प झाले.

पाण्याचा आवाज थांबला.

"चल गं इंदाय. आई आलीये न्यायला."

आणि हातातला फ्रॉक... जड झाला. कुणीतरी दुसरं टोक धरावं तसा. वरून कोरडा होता तो, पण टोकाकडून ओला होत होत वर येत होता.

ती मागं न बघता निघाली. बोटीपाशी पोचते तोच फोन वाजला. रोदेल होता, रडत होता. "हसली गं! भात मागितला! तुला विचारतेय!"

जेम्मा मटकन खाली बसली. एवढं हलकं तिला कधीच वाटलं नव्हतं.

तेवढ्यात मनांग फेलिसा धापा टाकत आली. कुणीतरी तिला सांगितलं असावं. "नावानं मारलीस ना हाक?"

"आम्ही घरी म्हणतो तीच मारली."

"म्हणजे?"

"इंदाय."

फेलिसानं छातीवर क्रूसाची खूण केली. "बाई गं... त्या तळ्याशी काय एकच इंदाय राहिलीये?"

"अभद्र बोलू नका, मनांग!" जेम्मा तडकली. "माझी पोर तिकडे हसतेय."

आणि पोर खरंच हसत होती. जेम्मा दारात येताच तिनं गळ्याला मिठी मारली. "नानाय! आलीस तू!" ताटभर भात खायची, आईच्या कुशीत शिरून झोपायची. रात्री आई कूस बदलायला लागली तरी हात सोडायची नाही. आम्ही गल्लीतल्या सगळ्यांनी चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या.

जून उजाडला. शाळा सुरू झाली. आठवडाभरानं बाईंनी जेम्माला बोलावून घेतलं.

"मुलगी गोड आहे हो. पण हजेरीला उत्तर देत नाही. एकदा कान तपासून घ्या."

घरी आल्यावर जेम्मा दारातच थांबली. पोर पाठमोरी बसून चित्र रंगवत होती.

"जोवेलिन."

खडूचा आवाज चालू होता.

"जोवेलिन?"

काहीच नाही.

जेम्मानं अगदी हळू, स्वतःलाही ऐकू येणार नाही असं म्हटलं, "इंदाय..."

पोर झटकन वळली. हसली. "काय गं, नानाय?"

त्याच संध्याकाळी जेम्मानं पिशवी भरली. पिवळा फ्रॉक त्यात ठेवला. या वेळी नावानं हाक मारायची, आडनावासकट मारायची, असं तिनं ठरवलं होतं. ती चप्पल घालत होती.

मागून येऊन पोरीनं तिचा पदर धरावा तसा झग्याचा कोपरा घट्ट धरला. चेहरा पांढरा पडला होता.

"नानाय, मला तिथं परत ठेवून येऊ नकोस ना. तूच मला बोलावलंस."

जेम्मानं चप्पल काढली.

ती अजून गेलेली नाही. पिशवी दाराशी तशीच आहे. रोदेल म्हणतो, तुझ्या मनाचे खेळ आहेत. पण तोही आता पोरीची हजेरी घेत नाही.

परवा मी तिच्याकडे बसले होते, तेव्हा मनांग फेलिसाचा फोन आला. ती फार बोलली नाही. "ऐक," म्हणाली, आणि फोन तळ्याच्या दिशेनं धरला. जेम्मानं मलाही कान लावायला लावला.

आधी नुसता वारा...

मग एक बारीक आवाज. लांबून, पण स्पष्ट.

"हजर."

थोडं थांबून, पुन्हा.

"हजर."

बाहेर अंगणात इंदाय दोरीवरच्या उड्या मारत होती. जेम्मा फोन कानाला लावून बसून राहिली. ओठ हलले तिचे, नाव ओठापर्यंत आलेलं मी बघितलं. तिनं अंगणाकडे पाहिलं, आणि ते नाव गिळून टाकलं.

माझ्याही घरी एक लेक आहे. आता मी तिला पूर्ण नावानं हाक मारते. ती ओ देते. तरीही मी उठून बघून येते.