दोन मिनिटांत दमलेली बॅटरी

काल दुपारी गल्लीतली वीज गेली आणि दोन मिनिटांत म्हाताऱ्याचं श्वासाचं मशीन बंद पडलं.

इन्व्हर्टर होता. बॅटरी आठ महिन्यांपूर्वीची. तीन तास तरी ओढेल, असं घेताना सांगितलं होतं. सुनेनं कोपऱ्यातला ऑक्सिजनचा लहान सिलिंडर धावत आणून जोडला, म्हणून ओठ निळे पडण्यावर निभावलं. गल्लीच्या तोंडाशी छपाईचं दुकान चालवणारा मुलगा तासाभरानं आला. छपाईच्या आवाजात फोन ऐकू आला नाही म्हणाला.

आज सकाळी बॅटरीवाला जिन्याखाली उकिडवा बसला होता. मागे स्टुलावर घरची मालकीण, म्हाताऱ्याची बायको. गल्लीत तिला फौजदारबाई म्हणत. शाळेत चार महिने गेली असेल, पण तिच्या घरातून बाहेर गेलेली वाटी कधी हरवली नव्हती.

बॅटरीवाल्यानं पाणी पिऊन पेला उपडा ठेवला. बुडाला नखपॉलिशचा लाल ठिपका होता.

"हे काय, मावशी?"

"माझी खूण. अक्षर येत नाही, मग ठिपका. घरात येईल त्या वस्तूला लावते. तुम्ही तुमचं सांगा."

"पाणी भरपूर आहे. पण बॅटरीत जीव नाही."

"सांगितलं ना, आई," दारातून मुलगा म्हणाला. "हिनंच नळाचं पाणी ओतलं असणार."

सून त्याच्या मागे उभी होती. काल शेजाऱ्यांदेखत फौजदारबाईनं तिला नको नको ते ऐकवलं होतं. आता उलट बोलायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

फौजदारबाईचेही पाय भरून आले होते. पण बारा वाजता तारांच्या दुरुस्तीसाठी पुन्हा वीज जाणार होती, आणि सिलिंडर अर्धा तास पुरला तर पुरला. आता दहा वाजले होते.

"पाणी कुठलं घालतेस?" तिनं सुनेला विचारलं.

"बॅटरीचंच, डब्यातलं. दर महिन्याला घालते आणि बॅटरीवर चिकटवलेल्या पट्टीवर तारीख लिहिते. टोकं पुसून जेली लावते."

"शेवटचं कधी?"

"बाबांना दवाखान्यात नेलं, त्याच्या आदल्या दिवशी."

बॅटरीवाल्यानं टोकावर नख घासलं. पांढरा-हिरवा थर भुरभुरत खाली पडला. "ताई, जेली लावलेल्या टोकावर हे एवढं साचत नाही. ही आठ महिन्यांची वाटत नाही."

"मग दुकानदारानं जुनीच रंगवून दिली असेल," मुलगा म्हणाला. "मी बघतो त्याच्याकडे."

"आधी नळाचं पाणी, आता दुकानदार. एका जागी बस जरा."

तिनं वाकून पट्टी चाचपली. अक्षर सुनेचंच, पण कडा वळलेल्या आणि चिकटावर धूळ. मग बॅटरीमागे हात घातला, चष्मा लावला, पुन्हा पाहिलं.

"ॲसिड कपड्यावर सांडलं तर काय होतं हो?"

"लगेच कळत नाही, मावशी. धुतलं की भोकं पडतात."

ती उठली. मागच्या दोरीवरून मुलाची पँट घेऊन आली. मांडीवर चाळण झाली होती.

"ही कशानं फाटली?"

"खिळा लागला."

"सात ठिकाणी? खिळा होता की सुईदोरा? बरं, दवाखान्याच्या आठवड्यात घराची किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्याकडे. तुम्ही दोघी तिकडेच होतात."

"आणि काल वीज गेल्यावर दुकानात काय करत होतास?"

"छपाई चालली होती, सांगितलं ना."

"वीज नसताना?"

बॅटरीवाल्यानं उगाच पाने आवरायला घेतले.

फौजदारबाई स्टुलावर बसली. तिचा आवाज चढला नाही.

"आणली त्या दिवशी बॅटरीच्या मागे, खालच्या कोपऱ्यात मी ठिपका लावला होता. हिला नाही. म्हणजे ही आपली नाहीच. बापाला दवाखान्यात नेलं, घर रिकामं झालं. तुझ्या दुकानातल्या इन्व्हर्टरची बॅटरी मेली होती. दोन्ही एकाच रंगाच्या. कागदाचे गठ्ठे नेतोस त्या ढकलगाडीवरून ही आणलीस, ती नेलीस. उचलताना ॲसिड सांडलं. सुनेची पट्टी काढून हिच्यावर चिकटवलीस. सगळं केलंस, पण मागं कधी पाहिलं नाहीस."

"आई, मोठं काम होतं. दोन दिवसांत परत ठेवणार होतो. बाबा लवकर घरी आले."

"लवकर आले, चुकलंच त्यांचं." तिनं पँट बाजूला ठेवली. "बॅटरी नेलीस ते एक. पण काल मी हिला सोलत होते, तेव्हा तू तिथंच उभा होतास. तुलाही ठिपका लावायला हवा होता. बाहेर गेलेला तोच परत आला का, ते तरी कळलं असतं."

अकरा वाजता मुलानं ढकलगाडीवरून बॅटरी आणली. कोणी हात लावला नाही. बॅटरीवाल्यानं फक्त वायरी जोडल्या. मागच्या कोपऱ्यात लाल ठिपका होता.

बारा वाजता पंखे थांबले. आतल्या खोलीतलं मशीन घुमत राहिलं.

फौजदारबाई सुनेजवळ आली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण काल गल्लीभर पुरलेले शब्द आज सापडेनात. तिनं नवी पट्टी आणि पेन सुनेच्या हातात दिलं.

"तारीख घाल. मला वाचता येत नाही. पण तू लिहिलंस ते खरं, हे मी शेजाऱ्यांना सांगून येते."

आणि दुखरे पाय ओढत ती पहिल्या घराची पायरी चढली.