सदाचा पाट

सदतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर पोथ्या वाचायला लागले. बाईने उपनिषद वाचू नये म्हणणारे मुरुडात अजून चार जण आहेत. आत्म्याला मिशा असतात का, एवढंच मी त्यांना विचारते.

सदाची होडी परत आली नाही त्याला दोन महिने झाले, तेव्हा त्याचे वडील धर्माजी मला बोलवायला आले. त्यांच्या घरची रीत अशी : गेलेल्यासाठी रिकामा पाट मांडायचा, पाच दुपारी अर्थासकट पोथी वाचायची आणि त्याच्या वतीने बायकोने हुंकार द्यायचा. शेवटच्या अध्यायात त्याला निरोप. मग बायकोचं कुंकू पुसायचं.

सदाची बायको कोकिळा उंबऱ्यापाशी ठसठशीत कुंकू लावून बसली होती. हुंकार देणार नाही, असं तिने सासऱ्यांना तोंडावर सांगितलं होतं. मला ती आवडली.

तरी पहिल्या दुपारी हुंकार आला. धर्माजींचा असेल म्हटलं. दुसऱ्या दुपारी ते अंगणात वाळत घातलेले बोंबील उलथायला गेले, तरी आला. मी पंखा बंद केला, फ्रीजसुद्धा बंद केला. तिसऱ्या दुपारी कोकिळेचे ओठ मिटलेले होते आणि आवाज पाटाकडून येत होता, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून. मला भीती वाटली, आणि भीती वाटली याचाच जास्त राग आला. चौथ्या दुपारी मी मुद्दाम एक वाक्य अर्धवट सोडलं. हुंकार नाही. पुरं केलं, आला.

पाचव्या दुपारी शेजारणी बांगड्या फोडायला जमल्या. मी शेवटचा अध्याय काढला.

“थांबा बाई,” कोकिळा म्हणाली. “आत्मा मरत न्हाय, असं चार दिवस तुम्हीच वाचलंत. व्हय ना?”

“हो.”

“मग ह्याला कुठं पाठवता?”

धर्माजी रडत होते. त्याला मोकळं कर, पोरी, म्हणत होते.

“त्याला इचारलंय कुणी?”

शेवटचा अध्याय राहिला तर वाचणाऱ्याला दोष लागतो म्हणतात. लागू दे. मी पोथी मिटली.

कोकिळा बायकांमधून वाट काढत आली आणि पाटावर बसली. मधोमध नाही. अगदी एका टोकाला, शेजारी जागा ठेवून.

असं बसलं की पाट उलटतो.

तो जागचा हलला नाही.