उलटं शिकामू

झांझिबारच्या जुन्या शहरात पहाटेचा पाव आणायला आमच्या घरून मीच जाते. नवरा गलबतावर असतो, आणि घरात मोठे दीर, शाइबू भाऊजी, राज्य करतात. ती अंधारी वाट हेच माझं सुख. दर्यावरचा खारा वारा, गोणपाटातल्या लवंगांचा वास, दारांवरचे गार पितळी खिळे बोटांनी चाचपत चालायचं. दिवसभर मी कुणाची सून, कुणाची आई. त्या वेळी नुसती झुवेना.

भाऊजींच्या डोळ्यांत ते सलायचं. "पहाटे गल्ल्या आपल्या नसतात," ते म्हणाले. "एकदा जरी घाबरून पळत आलीस, तर दाराला कुलूप, आणि किल्ली माझ्या खिशात." मी मनात म्हटलं, बघू.

दुसऱ्याच पहाटे, गल्लीतल्या वर्षानुवर्षं बंद असलेल्या एका घराशी वळले, तर मागून आवाज आला.

"शिकामू..."

शिकामू म्हणजे तुमचे पाय धरतो. आमच्याकडे ते लहानानं मोठ्याला म्हणायचं, आणि मोठ्यानं 'मराहाबा' म्हणून स्वीकारायचं. हा आवाज तर माझ्या आजोबांहून म्हातारा, कोरडा. मागे कुणीच नव्हतं. उलटं शिकामू घेऊ नये, असं आजी सांगायची. का, ते मात्र तिनं कधी सांगितलं नाही. पळावंसं वाटलं. पण पळत घरी गेले असते, तर कुलूप ठरलेलंच. भीतीपेक्षा मला रागच जास्त आला.

"मराहाबा, बाबा," मी म्हटलं. "आता माझी वाट सोडा..."

घोट्यांना थंडगार बोटं लागली. मग सुटली. मी पाव घेतला आणि रोजच्याच चालीनं घरी आले.

दारात भाऊजी कुलूप घेऊन उभे होते. रोज मी त्यांना शिकामू म्हणते. आज मी तोंड उघडायच्या आत ते वाकले आणि कुलूप माझ्या पायाशी ठेवलं.

"शिकामू..."

आवाज गल्लीतलाच होता, तोच म्हातारा, कोरडा.

भाऊजींचा स्वतःचा आवाज अजून परत आलेला नाही. तो मला रोज पहाटे ऐकू येतो, त्या बंद घराच्या दाराआडून.

"झुवेना... कुलूप काढ."

मी थांबत नाही. पाव गार होतो.